लोणावळा : धरणाकाठचे गाव

पुण्या-मुंबईच्या माणसाला लोणावळा सांगावा लागत नाही. पहिला पाऊस पडला की तो चिक्कीच्या पुड्यासह त्याच्या घरात येतो. आम्ही मात्र येथे बाराही महिने राहतो. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमची मुले घरी दख्खनी बोलतात, वर्गात उर्दू लिहितात आणि बाजारात, एस.टी.त, क्रिकेटच्या मैदानावर मराठी बोलतात. या मुलांच्या एका निबंधातून आमच्या या लेखाची सुरुवात झाली.

२०२४ चा पावसाळा होता. सहावीच्या वर्गाला 'हमारा शहर' हा विषय दिला होता. वह्या तपासायला घेतल्या तर एकामागून एक वहीत जवळपास तेच वाक्य : आमच्या शहरात पुष्कळ झीली आहेत आणि त्या कुदरतची देणगी आहेत. कुदरत म्हणजे निसर्ग. आम्ही लाल पेन उचलले आणि तसेच थांबलो. मुलांची चूक नव्हती. आम्हीही याच वयात हेच लिहिले होते आणि आमच्या गुरुजींनी त्यावर 'शाबास' असा शेरा दिला होता.

पण खरी गोष्ट अशी की लोणावळ्याच्या आसपास जे मोठे पाणी दिसते, त्यातले काहीही निसर्गाने साठवलेले नाही. वळवण, लोणावळा, शिरवता, भुशी, तुंगार्ली, थोडे पुढे ठोकरवाडी आणि पवना. हे सारे माणसाने अडवलेले पाणी आहे. आमच्या बोलीने हे सत्य जपून ठेवले आहे. लोणावळ्याचा माणूस 'तळ्यावर जाऊ' असे क्वचितच म्हणतो. तो 'धरणावर जाऊ' म्हणतो. धरण म्हणजे धरून ठेवलेले. उर्दूत धरणाला 'बंद' असाही एक शब्द आहे. दोन्ही भाषांना ठाऊक होते. फक्त आम्ही शिक्षकांनी मुलांना सांगितले नव्हते.

युरोपात तळ्याकाठची सुंदर गावे पुष्कळ आहेत. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवर बोडेनसे नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या जर्मन काठावर लिंडाउ, मेर्सबुर्ग अशी लहान जुनी गावे आहेत. ते सरोवर हजारो वर्षांपूर्वी हिमनदीने कोरले. माणूस नंतर आला, पाणी पाहून थांबला आणि त्याने काठावर घर बांधले. तेथे आधी तळे आणि मग गाव. आमच्या मावळात उलटे आहे. येथे आधी गावे होती, मग तळी झाली. ज्या काठावर उभे राहून पर्यटक छायाचित्र काढतो तो काठ पूर्वी काठ नव्हता. कोणाच्या तरी शेताचा वरचा बांध होता. एवढा एक फरक लक्षात ठेवला तर लोणावळ्याचा इतिहास निराळा दिसू लागतो.

हा इतिहास दोन हजार वर्षांपासून सुरू होतो. 'लोणावळा' हे नाव लेण्यांच्या ओळीवरून, म्हणजे 'लेणावली'वरून आले असे सांगतात. कार्ले, भाजे आणि बेडसे ही तीनही लेणी याच परिसरात आहेत. भाजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाइतके जुने मानतात. कार्ल्याचा चैत्य सुमारे पंचेचाळीस मीटर लांब आहे आणि त्याच्या कमानीतल्या लाकडी फासळ्या अजून टिकून आहेत. कोकणातील बंदरांकडून घाट चढून येणारा व्यापारी माल याच वाटेने देशावर जात असे. लेणी त्या वाटेवरची विश्रांती होती आणि श्रद्धाही होती. कार्ल्याच्या एका शिलालेखात या भागाला 'मामाल' म्हटले आहे. आजचे 'मावळ' ते हेच, असे अभ्यासक मानतात.

या कार्ल्याच्या खांबांवर आणि भिंतींवर दान देणाऱ्यांची नावे आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याने हे जंबुद्वीपातील सर्वोत्तम शैलगृह पूर्ण केले, असे एक लेख सांगतो. धेनुकाकट नावाच्या गावचा एक गंधिक, म्हणजे आमच्या भाषेत अत्तरवाला, तेथे आहे. त्याच गावचा एक सुतार आहे. स्वतःला 'यवन' म्हणवणारे दातेही आहेत. कोणी एक खांब दिला, कोणी दाराचा भाग दिला. नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी करजिक नावाचे गाव दिले, तर त्या गावाचेही नाव दगडात कोरले गेले. मुलांना आम्ही तेथे नेले तेव्हा एका मुलीने विचारले, ''सर, एक खंबा दिया तो नाम लिख्या?'' आम्ही म्हणालो, ''हो, एका खांबासाठीसुद्धा.'' हा प्रश्न पुढे आमच्या फार उपयोगी पडला.

लेण्यांनंतर किल्ले आले. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना आणि राजमाची यांनी ही घाटवाट राखली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने लोहगड घेतला. पुढे तो शिवाजी महाराजांकडे आला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये पुन्हा स्वराज्यात आला. पेशवाईत नाना फडणवीसांनी तेथे बांधकामे केली. लोणावळ्याला लागून असलेल्या कुरवंड्याच्या घाटानेच १६६१ च्या फेब्रुवारीत मोगल सरदार कारतलबखान कोकणात उतरत होता. उंबरखिंडीत महाराजांनी त्याला असे कोंडले की शरण येण्यावाचून त्याच्यापुढे मार्ग उरला नाही. त्याच कुरवंड्याच्या परिसरात इंद्रायणी उगम पावते आणि देहू-आळंदीकडे वाहत जाते. जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले त्यांत लोहगड आहे. आमच्या शाळेत त्या दिवशी मुलांनी टाळ्या वाजवल्या. लोहगडावर हाजी उमरशहा वलींचा दर्गा आहे आणि त्यावरून अलीकडे वादही झाले आहेत. त्या वादात येथे शिरायचे नाही. एवढेच म्हणावेसे वाटते की डोंगरावरच्या दगडावर हक्क सांगणारे पुष्कळ आहेत; पाण्याखाली गेलेल्या गावावर हक्क सांगायला कोणी येत नाही.

१८१८ नंतर इंग्रज आले. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि बैलाच्या पाठीवरचे ओझे चाकांवर आले. त्याच काळातला खंडाळ्याचा दगडी पूल पुढे 'अमृतांजन पूल' म्हणून सर्वांना ठाऊक झाला. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, तो सुरुंग लावून पाडण्यात आला. त्या रस्त्यानंतर रेल्वे आली. खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. पण खाली कोकणात उतरणारा घाट बांधायला १८६३ उजाडले. पंचवीस बोगदे खोदावे लागले. १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांहून अधिक मजूर या घाटात राबत होते. पटकीने किती गेले याची मोजदाद नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांची पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट स्वतःकडे घेऊन इंजिनिअरांच्या मदतीने काम पुरे केले. मुलींच्या वर्गात ही गोष्ट आम्ही आवर्जून सांगतो.

आजचे लोणावळा या रेल्वेने वसवले. १८७७ मध्ये येथे नगरपालिका झाली. आमच्या वस्तीतली काही घरे सांगतात की पणजोबा रेल्वेच्या कामावर आले आणि येथलेच झाले. चिक्कीसुद्धा या मजुरांच्या गूळदाण्यातून निघाली म्हणतात. घाट चढून दमलेल्या वाफेच्या इंजिनाला पाणी लागे; त्यासाठी रेल्वेने भुशीचे धरण बांधले. आज त्याच धरणाच्या पायऱ्यांवर, अंगावरून पाणी वाहू देत, हजारो माणसे बसतात. आपण इंजिनाच्या हौदाच्या काठावर बसलो आहोत हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असते.

त्यानंतर विजेचा काळ आला. मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत आणि शहराच्या आकाशात धूर भरून राही. येथे घाटमाथ्यावर चार महिन्यांत चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात तो जेमतेम सातशेच्या घरात असतो. शिवाय माथा आणि कोकणाचा पायथा यांत सरळ उतार. हे पाणी अडवून नळांतून खाली सोडले तर त्याच्या जोराने चाके फिरतील, ही कल्पना डेव्हिड गोस्लिंग या वास्तुविशारदाने मांडली आणि जमशेटजी टाटांनी ती उचलली. ते १९०४ मध्ये वारले. त्यांचे पुत्र दोराबजी यांनी काम तडीस नेले. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली. ८ फेब्रुवारी १९११ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्याला धरणाची कोनशिला बसली. १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीचे वीजघर सुरू झाले. लोणावळ्याचे पाणी सतराशे फुटांवरून खाली कोसळू लागले आणि मुंबईच्या गिरण्यांत चाके फिरू लागली. पुढे १९२२ मध्ये ठोकरवाडीच्या पाण्यावर भिवपुरीचे आणि १९२७ मध्ये मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे वीजघर सुरू झाले.

भूगोलाच्या तासाला आम्ही मुलांना एका थेंबाची गोष्ट सांगतो. वळवणच्या डोंगरावर पडलेला थेंब पूर्वी इंद्रायणीत जाई. तेथून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळे. धरण झाल्यावर तोच थेंब पश्चिमेकडे वळला. तो नळातून खोपोलीला उतरतो, चाक फिरवतो, पाताळगंगेत पडतो आणि अरबी समुद्राला जातो. माणसाने त्याचा समुद्रच बदलला! मुले हे ऐकून थक्क होतात. व्हावेच. हे मोठेच काम होते आणि त्याचे श्रेय हिरावून घेण्याचे आम्हाला कारण नाही. आमच्या वर्गातला पंखा फिरतो तेव्हा आम्हीही त्याच्या वाऱ्यात बसतो.

पण त्या थेंबाच्या जुन्या वाटेवर माणसे राहत होती. त्यांची भातखाचरे होती, देवळे होती, कबरी होत्या. भूसंपादनाचा कायदा १८९४ पासून सरकारच्या हातात होता. शेजारच्या मुळशी खोऱ्यातील मावळ्यांनी १९२१ मध्ये प्रतिकार केला. तो मुळशी सत्याग्रह म्हणून इतिहासात गेला. पांडुरंग महादेव बापट त्याचे नेते झाले, तुरुंगात गेले आणि 'सेनापती' ही पदवी त्यांना याच लढ्याने दिली. तीन वर्षांच्या झगड्यानंतरही धरण झालेच. मुळशीचे निदान नाव राहिले. इतर खोऱ्यांतील माणसे कसलाही गाजावाजा न करता वर सरकली किंवा दूर गेली.

स्वातंत्र्यानंतरही हेच झाले. पवना धरण १९७२ मध्ये पुरे झाले. त्याचे पाणी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना आणि घरांना गेले. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षे रेंगाळला. मग हेच पाणी बंद जलवाहिनीने शहराला न्यायचे ठरले. नदीचे काय होणार या चिंतेने शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन जण ठार झाले. क्रांतिदिनाची सुट्टी नव्हती. आम्ही शाळेत होतो. बातमी आली तेव्हा मावळातल्या प्रत्येक घराने आधी आपल्या माणसाला फोन लावला.

आता त्या निबंधाकडे परत येतो. निबंध लिहायला दिला त्याच्या थोडेच आधी, ३० जून २०२४ च्या रविवारी, पुण्याहून सहलीला आलेले एक कुटुंब भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात अडकले. पाणी एकाएकी वाढले आणि पाच जण वाहून गेले. एक बाई आणि चार मुले. ओढ्याच्या मधोमध एकमेकांना धरून उभ्या असलेल्या त्या माणसांची चित्रफीत देशभर फिरली. आमच्या मुलांनीही ती पाहिली होती. वह्यांमध्ये 'झील कुदरतची देणगी' लिहिणारी हीच ती मुले. त्यांना हे पाणी प्रेमळ वाटत होते, कारण ते कसे येते, कोठे अडते, वर पाऊस झाला की खाली किती वेळात चढते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. प्रशासनाने निर्बंध घातले, फलक लावले. फलक आवश्यकच आहेत. पण गावाच्या पोरांना आपल्या पाण्याची ओळख करून देणे हे शिक्षकाचे काम होते आणि ते आमच्याकडून राहून गेले होते.

म्हणून आम्ही त्या निबंधावर शेरा दिला नाही. मुलांना सांगितले : प्रत्येकाने एका म्हाताऱ्या माणसाला गाठायचे आणि विचारायचे, हे पाणी येण्यापूर्वी येथे काय होते? उत्तर वहीत लिहून आणायचे. आठवडाभरात वर्गात एक निराळेच लोणावळा जमा झाले. कोणाच्या नानींनी वळवणकडच्या जांभळांच्या झाडांबद्दल ऐकलेले सांगितले. कोणी दूधवाल्याला विचारून आले. त्याच्या आजोबांची म्हसरे आता जेथे पाणी आहे तेथे चरत. एका मुलाने प्रामाणिकपणे लिहिले, 'माझ्या दादांना काही माहीत नाही, ते म्हणाले आमच्या आधीपासून पाणी आहे.' हेही उत्तर आम्ही वहीत ठेवले. शंभर वर्षांत आठवण कशी संपते, हे त्या एका ओळीने सांगितले.

उन्हाळ्यात काही मुलांना घेऊन आम्ही पवना धरणावर गेलो. पाणी आटले की तेथे चावसरजवळ वाघेश्वराचे जुने दगडी मंदिर वर येते. वर्षाचे बरेच महिने ते पाण्यातच असते. आम्ही गेलो तेव्हा सभोवताली भेगाळलेला चिखल होता आणि त्यातून देऊळ कोरडे उभे होते. तेथे शेळ्या घेऊन एक आजोबा बसले होते. आम्ही सलाम-नमस्कार केला आणि मुलांचे काम सांगितले. ते म्हणाले, ''गुरुजी, आता इचारताय व्हय? बरं, लिवा.'' आणि काठीने चिखलाकडे दाखवत ते एकेक जागा सांगू लागले. पिंपळाचा मळा. खळ्याची जागा. तळवटाकडली वाट. देवळामागची विहीर. ओढ्याकाठचा माळ. त्यांना काही आठवावे लागत नव्हते. ते समोर पाहून वाचत होते. पाऊणशे वर्षांचा माणूस, पन्नास वर्षांपूर्वी बुडालेल्या गावातून घरी चालल्यासारखा बोलत होता.

परत येताना कार्ल्याला जो प्रश्न विचारला गेला होता तो त्याच मुलीने पुन्हा काढला. एक खांब देणाऱ्याचे नाव दोन हजार वर्षे राहते, घाटरस्ता ज्यांच्या कारकिर्दीत झाला त्या गव्हर्नरांचे नाव राहते, धरणाची कोनशिला बसवणाऱ्यांचे राहते. मग अख्खे गाव देणाऱ्यांचे का राहिले नाही? आम्ही तिला म्हणालो की त्यांनी दिले नव्हते, त्यांच्याकडून घेतले होते आणि घेतलेल्याचा शिलालेख कोणी लिहीत नाही. हे उत्तर बारा वर्षांच्या मुलीला देण्याजोगे होते का, याचा विचार आम्ही घरी पोहोचेपर्यंत करत होतो. पण दुसरे उत्तर आमच्याजवळ नव्हते आणि आजही नाही.

वाचकहो, लोणावळ्याला जरूर या. कार्ल्याच्या पायऱ्या चढा, लोहगडावरून पवनेचे निळे पाणी पाहा, राजमाची पॉइंटवरून दरीतले ढग पाहा. १९२४ पासूनचे कैवल्यधाम पाहा. चिक्की न्या. फक्त वरच्या डोंगरावर काळे ढग असतील तर ओढ्यात पाय घालू नका. आणि पाण्याकडे पाहताना क्षणभर त्याच्या तळाचा विचार करा. आम्हाला धरण फोडायचे नाही, कोणाशी भांडायचे नाही. प्रत्येक धरणाच्या काठावर एक साधा दगड असावा आणि त्यावर तळातल्या गावांची नावे असावीत, एवढेच वाटते. तो दगड लागेपर्यंत मुलांची वही आहे.

त्या वहीबद्दल एक गोष्ट सांगून थांबतो. उर्दू लिपीत 'ळ' नाही. आमची मुले 'लोनावला' लिहितात, 'मावल' लिहितात, त्याची आम्हालाही सवय झाली आहे. पण आजोबांनी सांगितलेले लिहिताना एका मुलाचे पेन अडले. मळा, खळे, तळवट, माळ. आजोबांच्या प्रत्येक जागेत 'ळ' होता. 'मला' लिहिले तर मळा उरत नव्हता. त्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही काही बोललो नाही. मग त्याने उजवीकडून डावीकडे चाललेल्या आपल्या उर्दू ओळीत मध्ये थोडी जागा सोडली आणि तेथे देवनागरीत, डावीकडून उजवीकडे, मोठ्या अक्षरांत लिहिले : पिंपळाचा मळा.